राजगड ते रायगड : ही पायवाट वाडीच्या हाती राहू द्या

राजगडाच्या संजीवनी माचीवरून आळू दरवाजाने बाहेर पडलं की डोंगराच्या सोंडेवरून तोरणा गाठता येतो. तोरण्याच्या बुधला माचीच्या बाजूने उतरून भट्टी, हरपूड असं करत मोहरीला यायचं. मोहरीपुढच्या रायलिंगाच्या पठारावर उभं राहिलं की समोर लिंगाण्याचा सुळका आणि त्याच्यामागे रायगड. कोकणात उतरायचं तर एकीकडे बोराट्याची नाळ आहे, दुसरीकडे सिंगापूरची. सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी हा रस्ता पायाखाली घातला. त्यांच्याही कितीतरी आधीपासून वाड्यांवरची माणसं याच वाटांनी बाजाराला, सोयरिकीला, यात्रेला घाट उतरत-चढत होती.

11 जुलै 2025 रोजी मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत राजगड आहे, रायगडही आहे. स्वराज्याच्या या दोन राजधान्यांना जोडणारी पायवाट मात्र त्या यादीत नाही. पुरातत्त्व खात्याचं संरक्षण तटबुरुजांना मिळतं, वाटेला नाही. ती वाचवायची असेल तर हालचाल आत्ताच व्हायला हवी आणि तिची सुरुवात वाडीतून व्हायला हवी. हा लेख त्यासाठीच आहे.

पायवाट मरते कशी? वाडीपर्यंत गाडीरस्ता आला की जुन्या वाटेवरचे पाय कमी होतात. चार-दोन पावसाळ्यांत कारवी माजते, नाळेत दरड येते आणि वाट बुजते. कुठे जमीन विकली जाते, तारेचं कुंपण पडतं, फाटकाला कुलूप लागतं. या दोन्ही गोष्टी निदान डोळ्यांना दिसतात. तिसरा धोका मला अधिक मोठा वाटतो, कारण तो विकासाच्या नावाने येतो. दूरच्या कार्यालयात पर्यटनाचा आराखडा तयार होतो, कंत्राट निघतं, जेसीबी येतो. वाट रुंद होते, सिमेंटच्या पायऱ्या बसतात, वर स्वागतकमान उभी राहते. उतारावरची माती एकदा उकरली की सह्याद्रीचा पाऊस ती जागेवर ठेवत नाही. पहिल्याच आषाढात पायऱ्यांखाली घळ पडते आणि दुसऱ्या वर्षी दुरुस्तीचं नवं कंत्राट निघतं. या सगळ्यात वाडीच्या वाट्याला शनिवार-रविवारच्या गाड्या, पाणवठ्यावरच्या बाटल्या आणि रात्री-अपरात्रीचा गोंगाट येतो.

आराखडा करणाऱ्यांकडे ड्रोन असतो, उपग्रहाचे नकाशे असतात. पण कोणतं टाकं वैशाखापर्यंत टिकतं आणि कोणतं होळीलाच आटतं, हे नकाशावर दिसत नाही. आग्या मोहोळं कोणत्या कड्याला लागतात, नाळेत कोणत्या टप्प्यावर दगड सुटतात, कोणती ढोरवाट माणसाला फसवून थेट कड्याच्या टोकावर नेऊन सोडते, देवराईतून कुठवर जायचं आणि पायताण कुठे काढायचं, हे सगळं वाडीतल्या गुराख्याला आणि पाण्याला जाणाऱ्या बाईला ठाऊक असतं. ही माहिती वगळून आखलेली वाट दिसायला देखणी असली तरी जीवघेणी ठरू शकते. शिवाय हे जाणणारी माणसं आता म्हातारी झाली आहेत. त्यांची मुलं पुण्या-मुंबईत नोकरीला आहेत. ही माहिती गोळा करायची तर आत्ताच करायला हवी.

वाडीला विचारा, हे काही मी नव्याने सांगत नाही. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने 2011च्या अहवालात ग्रामसभेला निर्णयाच्या केंद्रस्थानी ठेवा, असंच सांगितलं होतं. कायद्याची हत्यारंही हातात आहेत. वाट जंगलातून जात असेल तर 2006च्या वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेला सामूहिक वनहक्काचा दावा करता येतो, आणि तो मान्य झाला की त्या जंगलाचं रक्षण आणि व्यवस्थापन तिच्याकडे येतं. खाजगी जमिनीतून जाणाऱ्या वहिवाटीच्या हक्कांची नोंद वाजिब-उल-अर्ज या गावच्या दप्तरात करण्याची तरतूद जमीन महसूल संहितेच्या कलम 165मध्ये आहे. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कुणी अडवली, तर 1906च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. आणि हा अर्ज त्या वाटेने शेतावर जाणारा गावकरीच करू शकतो. आपण शहरातले भटके कितीही हळहळलो तरी आपल्याला तो करता येणार नाही.

पण वाटेचा असा कारभार गावाला जमतो का? सिक्कीममधलं युक्सम बघा. गोएचा ला या खिंडीकडे जाणारी पायवाट तिथून सुरू होते. गावकऱ्यांनी 1996 साली स्वतःची संवर्धन समिती काढली. ट्रेकला निघणाऱ्या गटाने वर काय काय नेलं याची नोंद करायची आणि परतताना त्याचा कचरा मोजून घ्यायचा, ही शिस्त त्यांनी बसवली. वाट त्यांच्या रोजच्या जगण्याची होती, म्हणून नियमही त्यांनी केले आणि पाळायला लावण्याचं कामही त्यांनीच अंगावर घेतलं.

एक गोष्ट आपल्या भटक्या मित्रांना कळकळीने सांगतो. वाडीतला माणूस डांबरी रस्ता मागत असेल तर त्याला पायवाटेचं महत्त्व पटवायला जाऊ नका. आजारी माणसाला, बाळंतिणीला झोळीत घालून डोंगर उतरवण्याची वेळ त्याच्या घरावर येते, आपल्या नाही. त्याला रस्ता मिळालाच पाहिजे, आणि रस्ता झाल्यावरही पायवाट टिकली पाहिजे. हे दोन्ही एकाच आराखड्यात बसवता येतं, मात्र त्यासाठी तो माणूस आखणीच्या बैठकीत हवा. त्याच बैठकीत आणखी प्रश्न सुटले पाहिजेत. दिवसाला किती माणसं वाटेवर सोडायची? पावसाळ्यात नाळ कधी बंद ठेवायची? वाटाड्याची मजुरी किती? पन्नास जणांच्या पिठलं-भाकरीसाठी पहाटेपासून राबणाऱ्या बाईच्या हातात नेमके किती पैसे पडतात? ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. हे प्रश्न आधी तिथे मांडा.

आता कामाचं. गिर्यारोहण संस्थांनी या वर्षीच्या मोहिमांपैकी एक मोहीम वाट नोंदवण्यासाठी ठेवावी. वाडीतल्या जाणत्यांना मजुरी देऊन बरोबर घ्या आणि पाणवठे, फाटे, धोक्याच्या जागा त्यांनी ठेवलेल्या नावांसकट लिहून काढा. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत मिळवा. तुटक रेघेने दाखवलेल्या पायवाटा शोधा आणि प्रत्यक्षाशी ताडून बघा. जी वाट नकाशात नाही, तिची वेगळी यादी करा. तयार झालेली वही आणि नकाशा पहिल्यांदा ग्रामपंचायतीच्या हवाली करा. वाडीची हरकत नसेल तरच त्यातलं काही बाहेर येऊ द्या. सहली नेणाऱ्या व्यावसायिकांनी ग्रामसभेने ठरवलेली संख्या आणि शुल्क लेखी मान्य करावं. जिल्हा प्रशासनाला, वनखात्याला आणि पर्यटन विभागाला विनंती आहे : राजगड, तोरणा, रायगड यांच्या दरम्यानच्या वाटेसाठी कुदळ मारण्यापूर्वी वाटेवरच्या प्रत्येक गावाच्या ग्रामसभेत आराखडा मराठीत वाचून दाखवा, नकाशा चावडीवर लावा आणि ठराव हाती आल्याखेरीज निविदा काढू नका.

आणि हरपूड, मोहरी, सिंगापूरच्या, खाली घाटपायथ्याच्या दापोलीच्या चाकरमान्यांनो, ठरावावर हात वर करण्याचा अधिकार गावच्या मतदारयादीत नाव असलेल्यांनाच आहे. तुमचं नाव तिथे असेल तर येत्या ग्रामसभेला रजा टाकून गावी या. आपल्या हद्दीतल्या वाटांची नोंद करावी, आमच्या संमतीवाचून त्यांवर बांधकाम होऊ नये आणि वाटेची देखरेख गावच्या समितीकडे राहावी, एवढ्या तीन ओळींचा अर्ज सभेच्या आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे द्या, विषय कार्यपत्रिकेवर घ्यायला लावा आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.