गोदामात हुशार कॅमेरे येताहेत, येऊ द्या. पण त्यांच्याकडे बघणार कोण?

आपल्या तालुक्यातल्या एका गोदामात हळदीचे ४१ कट्टे कमी भरले, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. त्यावर उपाय म्हणून तिथे ‘एआय कॅमेरे’ बसवायचं घाटतंय. कोटेशनं मागवलीत, संचालक मंडळाच्या येत्या बैठकीत विषय आहे. गोदामाचं नाव मी मुद्दाम घेत नाही. तपास चालू आहे, आणि मला जे म्हणायचंय ते एका गोदामापुरतं नाही.

आधीच सांगतो, मी कॅमेऱ्यांच्या विरोधात नाही. पण तिथे कॅमेरे नव्हते म्हणून माल गेला, असं जे सांगितलं जातंय ते खरं नाही. कॅमेरे होते. आठ होते. मी स्वतः जाऊन पाहिले. दोघांवर कोळ्यानं जाळं विणलेलं. रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्याकडे किडे येतात, किड्यांमागं कोळी येतो, आणि पडद्यावर नुसती पांढरी धूसर जाळी दिसते. तिसऱ्याचं तोंड लिंबाच्या झाडाकडे. वजनकाट्यावर एकही नाही.

आता मुख्य गोष्ट. कट्टे कमी आहेत हे कळलं कधी? शेतकरी चार महिन्यांनी माल सोडवायला आला तेव्हा. आणि रेकॉर्डिंग किती दिवसांचं होतं? जेमतेम सहा दिवसांचं. हिशोब सोपा आहे. एक साधा कॅमेरा २ एमबीपीएसनं रेकॉर्ड करत असेल, तर दिवसाला साधारण २१ जीबी लागतात. आठ कॅमेऱ्यांचे झाले १७०च्या वर. १ टीबीची हार्डडिस्क सहा दिवसांत भरते आणि जुन्यावर नवीन चढत जातं. म्हणजे चोरी कॅमेऱ्यात सापडली असली, तरी ती कधीच पुसली गेली होती.

मग जे सहा दिवस हाती होते, त्यात दिसलं कोण? वॉचमन मामा. कारण रात्रभर तिथे फिरणारा माणूस तोच. त्यांना घरी बसवलंय. परवा भेटले तर म्हणाले, “दादा, मी कॅमेऱ्यात दिसतो कारण मी ड्युटीवर असतो. जो दिसत नाही त्याला कोणी विचारतच नाही.” माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं.

गोदामातली चोरी म्हणजे रात्री कुलूप तोडून माल नेणं, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. तशा चोऱ्या होतात, नाही असं नाही. पण ज्यांनी या धंद्यात केस पांढरे केले ते सांगतील, माल बऱ्याचदा दिवसाढवळ्या फाटकातून जातो. गेटपास पन्नास कट्ट्यांचा, गाडीत त्रेपन्न. किंवा आत येतानाच कमी उतरवायचे आणि कागदावर पुरे दाखवायचे. वर ‘घट आली’ हा शब्द आहेच. हळद वाळते, वजन थोडं कमी होतं हे खरं. पण घट कट्ट्यातल्या वजनात येते, कट्ट्यांच्या संख्येत नाही.

यात शेतकऱ्याचं काय अडकलंय ते बघा. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. माल गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचं, ६ टक्के व्याजानं १८० दिवसांत फेडायचं आणि भाव आला की विकायचं. पडत्या भावात विकायची पाळी येऊ नये म्हणून ही सोय. पण ती उभी आहे एकाच गोष्टीवर. आपण ठेवलेला माल तिथे तसाच असेल, हा विश्वास. तो उडाला की शेतकरी परत काढणीच्या काढणीला व्यापाऱ्याच्या दारात.

विमा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. सर्वसाधारण घरफोडी विम्यात बळजबरीनं आत शिरल्याची खूण लागते, तुटलेलं कुलूप, वाकवलेलं शटर वगैरे. फाटकातून गेटपास दाखवून गेलेल्या मालाला तो विमा सहसा लागू होत नाही. कर्मचाऱ्यांच्या अफरातफरीसाठी वेगळा विमा असतो. तो आपल्या गोदामानं घेतलाय का, एकदा विचारा.

आता या हुशार कॅमेऱ्यांचं. ते नेमकं काय करू शकतात? जुना कॅमेरा कुत्रं हललं तरी इशारा देतो, म्हणून दोन दिवसांत माणूस इशारे बंद करून टाकतो. नवा कॅमेरा माणूस, गाडी आणि जनावर यांत बऱ्यापैकी फरक करतो. ठरावीक वेळेनंतर ठरावीक रेषा कोणी ओलांडली तरच फोन वाजवतो. गाडीचा नंबर वाचतो. पट्ट्यावरून किंवा हमालाच्या पाठीवरून गाडीत चढणारी पोती मोजणाऱ्या यंत्रणाही आहेत. ही कामाची गोष्ट आहे. कॅमेऱ्यानं मोजलेली पोती, गेटपासवरचा आकडा आणि काट्यावरचं वजन हे तीन आकडे रोज संध्याकाळी शेजारीशेजारी मांडले, तर त्रेपन्नची गाडी त्याच दिवशी सापडेल.

पण कोटेशनात हे आहे का? मी दोन कोटेशनं पाहिली. दोन्हींत चेहरा ओळखणं आहे, कुंपणाभोवतीचे कॅमेरे आहेत, मोठा स्क्रीन आहे. काट्यावर कॅमेरा नाही. गेटपासशी जोडणी नाही. म्हणजे पुन्हा हमाल आणि वॉचमनच दिसणार, कागद कोणी लिहिला ते दिसणारच नाही.

त्यात आपल्याकडच्या अडचणी वेगळ्याच. ट्रॅक्टर-ट्रॉलीचा नंबर चिखलात, कधी कधी नंबरच नाही. मग यंत्र वाचणार काय? लाइट गेली की राउटर बंद, आणि इशारा जाणारच नाही. कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर तिन्ही इन्व्हर्टरवर हवेत. रात्री दोन वाजता इशारा ज्याच्या मोबाइलवर जाणार त्याचा मोबाइल सायलेंटवर असेल तर काय, हे कोणत्याच कोटेशनात लिहिलेलं नाही.

आणखी एक. चित्र मिळालं म्हणजे कोर्टात चाललं असं नाही. शेजारच्या जालन्याचंच उदाहरण घ्या. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, यावरून खोतकर-गोरंट्याल वाद झाला. निवडणूक कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण पुरावा म्हणून पुढे आलं आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. जुलै २०२० मध्ये कोर्टानं स्पष्ट केलं की मूळ उपकरण हजर करत नसाल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कायद्यानं सांगितलेलं प्रमाणपत्र लागतंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष कायद्याच्या कलम ६३ मध्येही ते आहे. मोबाइलवर स्क्रीनचा व्हिडिओ काढून व्हॉट्सॲपवर फिरवणं म्हणजे पुरावा जपणं नव्हे.

म्हणून बैठकीआधी संचालकांना माझ्या साध्या मागण्या:

१. पहिला कॅमेरा वजनकाट्यावर, दुसरा फाटकावर, तिसरा मालाच्या चढ-उताराच्या जागी. कुंपण नंतर.

२. रेकॉर्डिंग किमान १८० दिवस, निदान या तीन ठिकाणचं तरी. तारण जितके दिवस, तितके दिवस चित्र. एक प्रत गोदामाबाहेर.

३. इशारा किमान तिघांना. त्यातला एक जण ठेवीदार शेतकऱ्यांचा प्रतिनिधी असावा. इशाऱ्यावर कोणी काय केलं, याची नोंदवही.

४. दर महिन्याला कट्ट्यांची प्रत्यक्ष मोजणी, शेतकऱ्यांसमोर.

५. कॅमेरे घेताना सुरक्षा चाचणीचं प्रमाणपत्र मागा. इंटरनेटला जोडणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी केंद्रानं एप्रिल २०२५ पासून ते सक्तीचं केलंय. आणि बसवल्या दिवशीच पासवर्ड बदला.

६. चौकशी एकट्या वॉचमनची नको. गेटपासवर सही करणाऱ्या प्रत्येकाची करा.

यातली चौथी आणि सहावी मागणी फुकटातली आहे. त्यांना कॅमेरा लागत नाही, कोटेशन लागत नाही, उद्घाटनही लागत नाही. कदाचित म्हणूनच त्या विषयपत्रिकेवर नाहीत.

तुमचा माल कोणत्याही गोदामात असेल तर या आठवड्यात पावती घेऊन जा आणि ‘माझे कट्टे मोजून दाखवा’ एवढंच म्हणा. काय उत्तर मिळालं ते खाली लिहा. गोदामाचं नाव लिहायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. बैठकीत काय झालं, ते मी इथेच सांगेन.