दारूचे दुकान की बसण्याची जागा?

गेल्या वर्षी काही कामानिमित्त टोकियोस जाण्याचा योग आला. तेथील एदोगावा भागात भारतीयांची, आणि त्यांत मराठी मंडळींचीही, चांगली वस्ती आहे. आमचा एक जुना विद्यार्थी तेथे नोकरीस असतो. पहिल्याच संध्याकाळी तो म्हणाला, "सर, आज तुम्हांला इझाकायात नेतो." इझाकाया म्हणजे दारू मिळण्याचे ठिकाण, एवढे आम्ही ऐकून होतो. बडोद्याच्या माणसाने दारूबंदीच्या कायद्याखाली जन्म काढलेला. त्याला हे निमंत्रण जरा संकोचाचेच. "तुम्ही चहा घ्या, पण चला तर खरे," असे म्हणून तो आम्हांस एका गल्लीत घेऊन गेला.

दारावर कागदाचा तांबडा कंदील, त्याखाली ‘नोरेन’ म्हणजे कापडाचा अर्धा पडदा. आत एक लांब फळी आणि तिच्यापुढे आठ-नऊ बैठका. पदार्थांची नावे कागदाच्या पट्ट्यांवर लिहून भिंतीला चिकटवलेली. फळीपलीकडे सत्तरी ओलांडलेला मालक व त्याची पत्नी. हात पुसायला गरम ओला पंचा मिळाला आणि मागोमाग, आम्ही काही मागण्याआधीच, शिजवलेल्या भाजीची एक लहानशी वाटी पुढे आली. आम्हांला वाटले, हा पाहुणचार! बिलात मात्र तिचे तीनशेच्या वर येन लागले. विद्यार्थी हसून म्हणाला, "सर, याला ‘ओतोशी’ म्हणतात. इकडे बक्षिसी देण्याची चाल नाही. हे बसण्याचे भाडे समजा."

‘बसण्याचे भाडे’ हा शब्द आमच्या मनात राहिला, आणि पुढे जे लिहावयाचे आहे ते त्याच शब्दाभोवती आहे.

आम्ही थंड ऊलाँग चहा घेतला. तो का घेतला, असे कोणी विचारले नाही. न पिणाऱ्याने तोच मागावयाचा, अशी तेथे रूढीच आहे. उकडलेल्या हिरव्या सोयाबीनच्या शेंगा, काडीला टोचून निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी, थंड टोफू असे एकेक येत गेले. शुद्ध शाकाहारी वाचकांना मात्र सूचना द्यावयास हवी. टोफूवरही सुक्या माशाचा कीस असतो आणि बहुतेक रश्शांत माशाचे पाणी असते. आमच्या शेजारी एक वयस्क गृहस्थ एकटेच बसले होते. थोड्या वेळाने एक बाई एकट्याच आल्या. मालकाने त्यांना काही विचारले. त्यांच्या आईच्या गुडघ्याची चौकशी होती, असे विद्यार्थ्याने सांगितले. निघताना आम्ही मालकास विचारले, "तुमच्यामागे दुकान कोण पाहणार?" त्याने हात हलवला. मुलगा ओसाकात कंपनीत आहे. "मी आहे तोवर दुकान," इतकेच तो बोलला.

एका संध्याकाळचे कौतुक सांगण्यासाठी हा लेख नाही. जपानात गेल्या पाच-सहा वर्षांत या दुकानांच्या बाबतीत जे घडले, त्यातून समाजाने काय जपावे असा एक मोठा प्रश्न उभा राहतो, आणि तो केवळ जपानचा नाही.

प्रथम या संस्थेची ओळख करून घेऊ. ‘साकाया’ म्हणजे दारूचे दुकान आणि ‘इ’ म्हणजे बसणे, राहणे. दारू विकत घेऊन घरी न नेता तेथेच थांबून पिण्याची सोय जिथे झाली, ती इझाकाया. टोकियोचे जुने नाव एदो. त्या एदोत तोशिमाया हे १५९६ साली स्थापन झालेले दुकान भाजलेल्या टोफूबरोबर स्वस्त साके देण्याबद्दल प्रसिद्ध होते. १८११ सालच्या गणनेत एदोत अशी अठराशेहून अधिक दुकाने नोंदली गेली. कामासाठी खेड्यांतून आलेल्या एकट्या पुरुषांचे ते शहर होते. त्यांना पोटभर अन्न व घटकाभर सोबत हवी होती, आणि ती या दुकानांनी पुरवली.

त्या बैठकीचे काही नियम आहेत. आपला पेला आपण भरावयाचा नाही; शेजाऱ्याने आपला भरावा, आपण शेजाऱ्याचा. पदार्थ मागवावयाचे ते वाटून खाण्यासाठी. शेवटी थोडा भात किंवा शेवयांचा वाडगा घेऊन उठावयाचे, जशी आपल्याकडे भैरवी झाली की बैठक उठते. कचेरीतला साहेब आणि कारकून येथे एका फळीला बसतात आणि त्या वेळेपुरता दर्जा बाजूला ठेवतात, असा संकेत आहे.

आता अलीकडच्या घटना पाहा. फेब्रुवारी २०२१ मध्ये जपान सरकारने एकटेपणाचा प्रश्न हाताळण्यासाठी एक मंत्री नेमला. कारण उघड होते. २०२० च्या शिरगणतीत शंभरांतील अडतीस घरे एकट्या माणसाची निघाली. साथीच्या काळात ही माणसे अधिकच एकटी पडली. पुढे या प्रश्नावर स्वतंत्र कायदाही झाला आणि तो एप्रिल २०२४ पासून अमलात आला.

पण मंत्री नेमल्याला तीन महिने होतात न होतात तोच, २५ एप्रिल २०२१ पासून टोकियो, ओसाका, क्योतो व ह्योगो येथे आणीबाणी जाहीर झाली आणि दारू देणाऱ्या खानावळींना दुकाने बंद ठेवण्यास सांगण्यात आले. दारू न देणाऱ्यांना रात्री आठपर्यंत मुभा होती. साथ भयंकर होती. सरकारचा हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. बंद ठेवणाऱ्यांना पैसेही दिले गेले. तथापि जुलैमध्ये एका मंत्र्याने कहर केला. न ऐकणाऱ्या दुकानदारांना बँकांकडून समज देवविण्याची कल्पना त्याने मांडली. देशभर गदारोळ झाला व ती मागे घ्यावी लागली. लोक एवढे का चिडले? आपल्या गल्लीतल्या म्हाताऱ्या दुकानदाराला सावकाराकरवी धमकावणे त्यांना सहन झाले नाही, हे त्याचे उत्तर आहे असे आम्हांस वाटते.

यानंतर २०२२ साली आणखी एक चमत्कारिक गोष्ट घडली. राष्ट्रीय कर खात्याने वीस ते एकोणचाळीस वयाच्या तरुणांसाठी एक स्पर्धा जाहीर केली. तरुणांत दारूचा खप कसा वाढेल, याच्या कल्पना मागविल्या! खात्याची अडचण आकड्यांत दिसते. १९९५ मध्ये प्रौढ माणशी वर्षाला सुमारे शंभर लिटर मद्य खपत असे. २०२० मध्ये ते पंचाहत्तर लिटरवर आले. १९८० मध्ये करांच्या एकूण उत्पन्नात मद्यावरील कराचा वाटा शेकडा पाच होता, तो २०२० मध्ये शेकडा १.७ झाला. इकडे आरोग्य खात्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये उलट दिशेचे मार्गदर्शन प्रसिद्ध केले. दिवसाला पुरुषाने ४० ग्रॅम व स्त्रीने २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क घेतल्यास जीवनशैलीशी निगडित रोगांचा धोका वाढतो, असे त्यात सांगितले. साकेच्या एका माफक चंबूत, म्हणजे १८० मिलिलिटरमध्ये, बावीसएक ग्रॅम मद्यार्क असतो. दोन चंबूंत पुरुषाची मर्यादा ओलांडते. आणि त्याच वर्षी डिसेंबरात युनेस्कोने साके गाळण्याची परंपरागत विद्या मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदवली.

म्हणजे एकाच दुकानाकडे चार अधिकारी चार नजरांनी पाहात आहेत. कर खात्याला त्यातली दारू दिसते, आरोग्य खात्याला दारूचे दुष्परिणाम दिसतात, वारशाच्या रक्षकांना दारू करण्याची कला दिसते, आणि एकटेपणाच्या मंत्र्याला एकटी माणसे दिसतात. ती माणसे जेथे संध्याकाळी येऊन बसतात ती फळी मात्र कोणाच्याच यादीत नाही.

ही दुकाने आज अडचणीत आहेत त्यामागे केवळ साथ नाही. जपानात महागाई पुष्कळ वर्षे जवळजवळ नव्हतीच. तोरिकिझोकु या भाजलेल्या कोंबडीच्या साखळी दुकानांनी २८० येनांचा एकच भाव १९८९ पासून २०१७ पर्यंत टिकवला होता! आता ते दिवस गेले. तांदळाचा भाव २०२४ व २०२५ मध्ये दुपटीवर गेला. पाच किलोला चार हजार येनांच्या वर. भाताचा वाडगा महाग, आणि साके तांदळाचीच, म्हणून तीही महाग. मोठी साखळी दुकाने हे सोसू शकतात. तेथे यंत्राच्या पाटीवर बोट ठेवून पदार्थ मागवता येतात, माणूस कमी लागतो. आठ बैठकांच्या दुकानाला ते शक्य नाही. गाजलेल्या गल्ल्यांचा बाजार परदेशी प्रवाशांनी सावरला आहे. २०२४ मध्ये ३ कोटी ६८ लाखांवर प्रवासी जपानात आले. शिंजुकु स्थानकाजवळची ओमोइदे योकोचो ही युद्धोत्तर काळ्या बाजारातून उभी राहिलेली गल्ली प्रवाशांनी गजबजलेली असते. पण प्रवासी एका रात्रीचा. तो पुन्हा येऊन कोणाच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करणार नाही.

आणि सर्वांत मोठी अडचण वयाची आहे. युद्धानंतर १९४७ ते १९४९ मध्ये जन्मलेली मोठी पिढी २०२५ पर्यंत सगळी पंचाहत्तरीला पोचली. फळीपलीकडे उभी असलेली पुष्कळ माणसे याच पिढीच्या आगेमागची आहेत.

येथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. इझाकायाचे जितके गोडवे गावे तितके सर्व खरे नाहीत. ‘दर्जा बाजूला’ म्हणावयाचे आणि साहेबाने पेला पुढे केला की नव्या पोराने तो रिता करावयाचा, ही जुलमाची चाल तेथे फार वर्षे होती. तिला आज जपानी भाषेत छळाचे नाव मिळाले आहे, ते योग्यच झाले. २००६ साली फुकुओका येथे प्यालेल्या चालकाने धडक दिलेली मोटार पुलावरून पाण्यात पडून तीन लहान मुले दगावली. त्यानंतर २००७ च्या कायद्याने चालकाला दारू देणारा दुकानदारही गुन्हेगार ठरला. या घरांचे दुःख पाहता, तरुण पिढी कमी पिते ही आनंदाचीच बातमी मानली पाहिजे. कर खात्याचे उत्पन्न घटले म्हणून कोणी रडू नये.

मग जपावयाचे ते काय? आमचे म्हणणे असे की ‘साकाया’ गेली तरी चालेल, ‘इ’ राहिली पाहिजे. बिलात या दोन गोष्टींचा हिशोब जपानी दुकानदाराने आधीच निराळा मांडला आहे. दारूचे पैसे वेगळे आणि बसण्याचे वेगळे. ओतोशीच्या वाटीवर प्रवासी रागावतात, ती फसवणूक आहे असे म्हणतात. पण सगळ्या व्यवहारात खरी किंमत तीच सांगते.

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांना हा प्रश्न परका वाटू नये. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांकरवी गायनशाळा काढली. तोपर्यंत विद्या घराण्यात होती, बापाकडून मुलाकडे जात होती. शाळेने ती कोणाच्याही मुलाला खुली केली. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले, १९५० मध्ये उस्ताद फैयाझखाँ गेले, कलावंत कारखान्याचा आश्रय संपला. तरी विद्या टिकली. आज विद्यापीठात ती शिकविली जाते आणि प्रस्तुत लेखकासारख्यांची त्यावर उपजीविका चालते. परंतु दांडिया बाजारातल्या वाड्यांत पंचवीस माणसांची जी बैठक होत असे, जेथे ऐकणारा गाणाऱ्याच्या इतका जवळ असे की त्याची ‘वाहवा’ गाण्यात मिसळे, ती बैठक शाळेला राखता आली नाही. राग लिहून ठेवता येतो, शिकवता येतो. बसण्याची सवय मोडली की ती कोणत्याही अभ्यासक्रमात घालता येत नाही.

जपानात एक उपाय चालू आहे, त्याकडे आम्ही आशेने पाहतो. ज्यांना वारस नाही अशा लहान धंद्यांसाठी तेथील प्रत्येक प्रांतात सरकारी केंद्रे आहेत. चालवू इच्छिणारा परका मनुष्य शोधून धंदा त्याच्या हाती देण्याचे काम ती करतात. मुलगा ओसाकात राहिला म्हणून दुकान मिटलेच पाहिजे असे नाही. दुसऱ्याचा मुलगा, किंवा मुलगी, नोरेन टांगू शकते. महाराजांनी गायनशाळेत जे केले त्याचीच ही जात आहे. मात्र येणाऱ्याने भाजलेल्या कोंबडीची कृती तेवढी शिकून भागणार नाही. कोण एकटे येते, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणापुढे पेला न ठेवता चहा ठेवावयाचा, हेही जुन्या मालकाजवळ वर्ष-दोन वर्षे उभे राहूनच घ्यावे लागेल.

आमच्या त्या गल्लीतल्या मालकाला अशा केंद्राची माहिती आहे की नाही, ते विचारायचे राहून गेले. विद्यार्थ्याला पत्राने कळविले आहे. तो आता आठवड्यातून एकदा तेथे जाऊन बसतो आणि बहुधा ऊलाँग चहाच घेतो, असे त्याचे उत्तर आले. बसण्याचे भाडे तो नेमाने देतो.