खर्जाचा कैवार

गेल्या पावसाळ्यांत आमच्या गृहसंस्थेच्या सभेपुढें एक ठराव आला. इमारतींत कोणीही बेस गिटार अँप्लिफायरला जोडून वाजवूं नये. ज्यास शिकावयाचें असेल त्यानें कानांना हेडफोन लावून शिकावें, असा त्याचा आशय होता. तो आमच्या कन्येस उद्देशून होता, हें सांगावयास नकोच. ठराव मांडणारे गृहस्थ सुशिक्षित, संगीताचे शौकीन आणि आमचे जुने स्नेही आहेत. म्हणूनच त्यांच्या म्हणण्यास उत्तर देणें आम्हांस अगत्याचें वाटतें. प्रश्न एका पेटीचा नाहीं. घरांत वाद्य शिकणाऱ्या मुलास आपला स्वर मोकळ्या हवेंत ऐकण्याचा अधिकार आहे कीं नाहीं, हा आहे.

प्रथम ही पेटी म्हणजे काय तें पाहूं. बेस गिटारचें अंग भरीव लांकडाचें असतें. तिची तार नुसती छेडली तर शेजारच्या खोलींतही धड ऐकूं जात नाहीं. तारेखालचें चुंबक व वेटोळें तिच्या कंपनाचा विद्युत्प्रवाह करतात. अँप्लिफायर तो वाढवितो आणि स्पीकर त्याचा पुन्हां नाद करतो. हीं दोन्ही एकाच पेटींत बसविलीं म्हणजे तिला कॉम्बो म्हणतात. तेव्हां कॉम्बो ही चैनीची पुरवणी नव्हे. सतारीला जसा भोपळा तसा बेस गिटारला कॉम्बो. भोपळा काढून ठेवा आणि मग सतार शिका, असें आमचे स्नेही कोणास सांगतील काय?

या पेटीचा इतिहासही हेंच सांगतो. अमेरिकेंतील नृत्यवृंदांत उभा डबल बेस वाजविणाऱ्यांचा स्वर तुताऱ्यांच्या व ढोलांच्या गर्दींत बुडून जाई. एव्हरेट हल या वादकानें त्या वाद्याच्या पायाच्या खुंटींत मायक्रोफोन बसविला. 'अँपेग' हें नांव त्या खुंटीवरूनच पडलें. कॅलिफोर्नियांत लिओ फेंडर यांनीं १९५१ सालीं प्रिसिजन बेस काढला आणि पुढच्याच वर्षीं त्याच्या जोडीला १५ इंची एका स्पीकरचा बेसमन आणला. १९६० सालीं अँपेगनें जेस ऑलिव्हर यांच्या कल्पनेचा बी-१५ पोर्टाफ्लेक्स काढला. त्याची शक्ति अवघी २५ वॉटांच्या घरांत. पण डेट्रॉइटच्या जेम्स जेमरसनसारख्या श्रेष्ठ वादकास ती क्लबांतून पुरली. १९६९ सालीं त्याच कंपनीनें ३०० वॉटांचा एसव्हीटी बनविला, तो मोठमोठ्या रंगमंचांसाठीं.

येथें आमची स्वतःची चूक कबूल केली पाहिजे. आम्हीं पहिला कॉम्बो आंकडा पाहून घेतला. दुकानदारानें ५०० वॉट म्हटलें आणि आमचें पदवीधर डोकें त्या आंकड्यापुढें नम्र झालें. दोघा हमालांनीं तो जिन्यानें वर आणला. वर्षभरांत त्याची कळ एक दशांशापुढें कधीं गेली नाहीं. शेवटीं कन्याच म्हणाली, "बाबा, याला वाजवायचं तर आधी मैदान विकत घ्यावं लागेल." वॉट दुप्पट केले तर नाद केवळ ३ डेसिबलनें वाढतो, कानाला तो दुप्पट वाटावा यासाठीं वॉट सुमारें दसपट लागतात, ही गोष्ट आम्हांस उशिरा कळली. आंकडा विकणाऱ्यापेक्षां आंकडा पूजणाराच अधिक दोषी, हें आम्ही स्वानुभवानें सांगतों. ती पेटी विकून आम्हीं १२ इंची स्पीकरची लहान पेटी घेतली. हळू आवाजांत तिचा स्वर स्वच्छ उमटतो, ती एका हातानें उचलतां येते, आणि मोठ्या सभागृहांत तिच्यांतून तार काढून तेथील ध्वनिव्यवस्थेस जोडतां येते. यापरतें अधिक काय हवें?

"मग साध्या गिटारचा अँप्लिफायर कां नको?" असा दुसरा प्रश्न येतो. बेसची सर्वांत खालची तार सेकंदास सुमारें ४१ कंपनांची. काळी एकमध्यें गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारें ६९ चा. म्हणजे ही तार त्याच्याही खालीं. तेवढ्याच जोराचा नाद एक सप्तक खालीं काढावयाचा तर स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर हलावें लागतें. गिटारचे पुष्कळसे कॉम्बो पाठीमागें उघडे असतात. त्यांत पुढची लाट व मागची लाट खालच्या स्वरांत एकमेकींस मारते, आणि नाजूक पडदा फाटण्याचें भय तें वेगळेंच.

आतां हेडफोन. रात्रीच्या सरावास ते उत्तम आहेत, हें आम्हांस मान्य आहे. परंतु खर्ज हा एकट्याचा स्वर नव्हे. तो दुसऱ्याच्या गाण्याखालीं घालावयाचा पाया आहे. खोलींत गाणारा, तबल्याचा साथीदार आणि आपण यांत आपलें वजन किती असावें, हें कान झांकून कसें कळावें? जो सदैव स्वतःलाच ऐकतो, त्यास साथ करणें येत नाहीं.

शेजाऱ्यांची तक्रार मात्र खोटी नाहीं. खालचे स्वर भिंत ओलांडून जातात. २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठीं दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ती मोजण्याची 'ए' पद्धति ४० कंपनांच्या स्वरास सुमारें ३५ डेसिबल वजा धरते. मापक निर्दोष ठरवील आणि शेजाऱ्याचें कपाट थरथरेल! म्हणून केवळ नियमाकडे बोट दाखविणें सभ्यपणाचें नव्हे. पेटी कोपऱ्यांतून बाहेर काढावी, कारण कोपरा खर्ज फुगवितो. ती स्टुलावर ठेवावी. खालच्या स्वरांची कळ उतरवून मधल्या स्वरांची थोडी चढवावी. मूळ स्वर मंद असला तरी त्याच्या वरच्या सहस्वरांवरून कान तो ओळखतो. आणि वेळ ठरवावी. आम्हीं सायंकाळीं सहा ते सात ही मागितली.

एवढें मागतांना सभेंत जी नापसंतीची कुजबुज झाली, तिनेंच आम्हांस लेखणी उचलावयास लावलें. कारण याच गृहस्थांनीं, आणि खरें सांगावयाचें तर आम्हींही, गणेशोत्सवांत स्पीकरांची भिंत उभी करणाऱ्या मंडळास मुकाट्यानें वर्गणी दिली आहे. तेथें खिडक्या हादरतात, म्हातारीं माणसें कानांत बोळे घालतात, आणि आपण उत्सव म्हणून हंसतों. जो नाद शिकत नाहीं, ऐकत नाहीं, थांबत नाहीं, त्यास रस्ता मोकळा. आणि जो शिकूं पाहतो त्याच्या कानांना टोपण! दांडग्यास भ्यावें आणि गरिबास दटावावें, यास शांतताप्रेम म्हणावयाचें काय?

ठराव पुढील सभेपर्यंत तहकूब आहे. तोंवर आमच्या स्नेह्यांस आमचें आग्रहाचें निमंत्रण आहे. त्यांनीं एखाद्या सायंकाळीं आमच्या दिवाणखान्यांत चहास यावें, पेटीपासून चार हात दूर बसावें आणि ऐकावें. मत त्यांनीं त्यानंतर द्यावें.