शेवटच्या कडव्यातला वामन

१४ एप्रिलला सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये मी मोबाईलवर भीमगीतं लावतो. पडद्यावर गायक दिसतो, कंपनी दिसते. गीतकार वामनदादा कर्डक बहुतेक वेळा दिसत नाहीत.

सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेले दादा मुंबईत कष्ट करत असताना वाचायला शिकले. १९४३ पासून गाणी रचली, गावोगाव स्वतः गायली. ‘वाटचाल’ हा संग्रह आला १९७३ मध्ये. मधली तीस वर्षं गाणी तोंडातोंडी जगली, आणि त्यात नाव आधी गळतं. दादांना हे ठाऊक असावं; अनेक गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात त्यांनी ‘वामन’ गुंफला. ते कडवं गाळलं की मालकीच पुसली!

अमेरिकेत अल्बर्टा हंटर या कृष्णवर्णीय गायिकेने लव्ही ऑस्टिनसोबत रचलेलं ‘डाउनहार्टेड ब्लूज’ १९२३ मध्ये बेसी स्मिथच्या आवाजात गाजलं. तरी रचनाकार म्हणून हंटर-ऑस्टिन ही नावं त्याला आजही चिकटलेली आहेत.

आपण घरातले पहिले पदवीधर. प्रबंधाचे विषय शोधत फिरतो, आणि कॅसेटची पेटी माळ्यावर धूळ खाते. कुठलं गाणं दादांचं, हे माझी आई न वाचता सांगते. मे महिन्यात वही घेऊन तिच्यापुढे बसणार आहे.