जंतू गेला, आता वजनकाट्याकडे बघा

शुक्रवार पेठेतल्या औषधाच्या दुकानात ‘पित्ताची गोळी द्या’ हे वाक्य चिठ्ठीविना चालतं. उपाशीपोटी एक कॅप्सूल, वर चहा, वर्षानुवर्षं. पोटातल्या जळजळीमागे काही वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो. बहुधा तो लहानपणीच घरातून पोटात येतो आणि अमोनिया तयार करून आम्लातही तगतो. पर्थमध्ये १९८२ साली बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी तो प्रयोगशाळेत वाढवला. अल्सरचं खापर तिखट आणि चिंता यांवर फोडणं त्यानंतर हळूहळू थांबलं. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं.

आपल्याकडे कमी बोललं जातं ते जंतू गेल्यानंतरचं. भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठरातच बनतं. जंतूमुळे जठराचं अस्तर सुजलं की ते घटू शकतं. जंतू मारणाऱ्या गोळ्यांचा चौदा दिवसांचा कोर्स पूर्ण झाला, जळजळ थांबली की अन्न गोड लागतं, एका भाकरीच्या दोन होतात. उपचारानंतर वजन वाढल्याचं काही अभ्यासांत दिसलंय. रक्तातल्या साखरेबाबत मात्र निष्कर्ष उलटसुलट आहेत: कुठे ती थोडी सुधारली, कुठे काहीच फरक नाही. म्हणून मधुमेह जाईल या आशेनं हा कोर्स कुणी घेऊ नये. अल्सरसाठी जरूर घ्यावा, जठराच्या कर्करोगाचा धोका कमी करण्यासाठीही घ्यावा.

दोन-तीन किलोंनी काय होतं, असं म्हणू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचं छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसांच्या पोटावर चढणारा प्रत्येक किलो म्हणूनच मला महाग वाटतो.

मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी बी-१२ जीवनसत्त्वही तपासावं. हा जंतू, पित्ताची रोजची गोळी आणि मेटफॉर्मिन, तिन्ही ते घटवू शकतात. त्यात शाकाहार असेल तर आधीच तूट.

कोर्स लिहून देणाऱ्या डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे: त्याच चिठ्ठीवर वजन, कंबर आणि रक्तातल्या साखरेचं एचबीए१सी लिहा, आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजायला बोलवा. जंतू खरंच गेला का, हे कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाच्या किंवा शौचाच्या चाचणीतून कळतं. चाचणीआधी दोन आठवडे पित्ताची गोळी बंद ठेवावी लागते, एवढं दुकानातूनही सांगता येईल.