कराराआधी संगणकावर तालीम

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याला कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. सुरुवातीला १०,००० जणांना पाठवण्याचे ठरले. त्यात परिचारिका आल्या, वायरमन, प्लंबर आणि चालकही आले.

चांगल्या पगारासाठी कुणी सातासमुद्रापार गेले तर त्याला आडकाठी करण्याचे कारण नाही. पण ग्रामीण रुग्णालयातली मुरलेली परिचारिका गेली, तर तिच्या जागी कोण आणि कधी येणार? हा हिशेब आधीच मांडून पाहता येतो, संगणकीय सिम्युलेशनने.

या पद्धतीत संगणकात हजारो काल्पनिक परिचारिका उभ्या केल्या जातात. प्रत्येकीचे वय, पगार, शिक्षणाचे कर्ज वेगळे. एकीच्या पदरात लहान मूल, दुसरीची मावसबहीण आधीच स्टुटगार्टला. दर महिन्याला प्रत्येकजणी ठरवते: जायचे, थांबायचे की परतायचे. एक गेली की मागे राहिलेल्यांच्या ड्युट्या वाढतात आणि तिकडे ओळखीचे माणूसही होते. मग पुढचीचा पाय लवकर निघतो. नुसत्या सरासरीत ही साखळी सापडत नाही. आपल्यासारखे थोडे तरी शेजारी असावेत, एवढ्या माफक इच्छेतूनही अख्ख्या वस्त्या विभागल्या जातात, हे अर्थतज्ज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९७१ मध्ये अशाच साध्या नियमांवर दाखवले होते.

फिलिपिन्सचा अनुभव बोलका आहे. कोविडच्या काळात, २०२० च्या अखेरीस, तिथल्या सरकारने परदेशी जाणाऱ्या नव्या आरोग्य कर्मचाऱ्यांवर वर्षाला ५,००० ची मर्यादा घातली. २०२१ मध्ये ती ६,५०० झाली, २०२२ मध्ये ७,५००. हे सारे प्रयोग जित्याजागत्या माणसांच्या नोकऱ्यांवर झाले. मर्यादा, पगारवाढ, बंधपत्र यांपैकी कशाने काय होईल, हे आधी संगणकावर पडताळणे कितीतरी कमी क्लेशाचे. त्यातून दुसरी बाजूही दिसू शकते: परदेशाच्या आशेने नर्सिंगला प्रवेश घेणाऱ्या वाढतात आणि त्यातल्या सगळ्याच काही जात नाहीत.

असे संगणकीय मॉडेल भविष्य सांगत नाही, आणि त्यात भरलेली माहिती कच्ची असेल तर उत्तरही कच्चेच येणार. केरळात तिरुअनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजने १९९८ मध्येच घरोघरी जाऊन स्थलांतराची पाहणी सुरू केली. महाराष्ट्रानेही तिकडे जाण्यासाठी जर्मन भाषेच्या वर्गात नाव घालणाऱ्या प्रत्येकाचा जिल्हा, सध्याची नोकरी आणि पगार नोंदवावा. गेलेल्यांची आणि परतलेल्यांची दरवर्षी विचारपूस करावी. त्या आधारे गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांतील रुग्णालयांचे पुढच्या दहा वर्षांचे चित्र तयार करून विधिमंडळापुढे ठेवावे आणि मगच पाठवायच्या परिचारिकांचा आकडा ठरवावा.