आंग्र्यांचे आरमार कोणी बुडवले? (थ्रेड)

१/ 'कान्होजी गेले आणि आरमार बुडाले' हे वाक्य अलिबागच्या किनाऱ्यावर कुलाबा किल्ल्याकडे बोट दाखवून अभिमानाने उच्चारले जाते. यात अभिमान कसला? जी सत्ता एका मृत्यूने डळमळते, तिची घडणच तपासली पाहिजे.

२/ कान्होजी मुत्सद्दी होते, यात वाद नाही. १७१३ मध्ये पेशवे बहिरोपंत पिंगळे त्यांच्या कैदेत होते. तरीही त्यांनी बाळाजी विश्वनाथांशी तह केला, ताराबाईंचा पक्ष सोडला आणि शाहू महाराजांचे सरखेल म्हणून किनारा राखला.

३/ रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याच वाटेने गेला. इ.स.पू. २७ मध्ये त्याने प्रजासत्ताक परत केल्याचा देखावा केला. सिनेट आणि कॉन्सल जागच्या जागी राहिले. सैन्य मात्र त्याच्या हाती. नव्या सत्तेला जुन्या पदांचे वस्त्र चढवले की ती मान्य होते.

४/ म्हणूनच आंग्र्यांना 'चाचे' म्हणणे खोटे आहे. पोर्तुगीजांनी जहाजांना कार्ताझ विकले तो कारभार, आणि छत्रपतींच्या सरखेलाने दस्तक मागितले की चाचेगिरी? १७२१ मध्ये इंग्रज-पोर्तुगीजांची संयुक्त फौज कुलाब्यावर हरली, ती एका राज्याच्या आरमाराकडून.

५/ पण पुढे काय? ऑगस्टसने इ.स. ४ मध्ये टायबेरियसला दत्तक घेऊन अधिकारात वाटेकरी केले. इ.स. १४ मध्ये ऱ्हाइनवरचे सैन्य बंडावले, तरी सत्ता टिकली. कोकणात १७२९ मध्ये कान्होजी आणि १७३३ मध्ये सेखोजी वारले. संभाजी व मानाजी हे बंधू एकमेकांवर उठले.

६/ १७३५ मध्ये बाजीरावांनी तोडगा काढला: कुलाबा मानाजींना, सुवर्णदुर्ग-विजयदुर्ग संभाजींना. भांडण मिटले, आरमार दुभंगले.

७/ '१७५६ मध्ये पेशव्यांनीच इंग्रजांच्या साथीने तुळाजींना संपवले!' हा आक्षेप खरा आहे आणि तो दोष अक्षम्यच. मात्र तुळाजींच्या मागे अखंड आरमार नव्हते, याचे कारण वीस वर्षे आधीच्या वाटणीत आहे. सगळे पाप १७५६ वर लोटणे सोयीचे आहे, इतिहास नव्हे.

८/ रोमनेही वारसाचा कायदा केला नाही, इ.स. ६९ मध्ये एका वर्षात चार सम्राट झाले. कुलाब्याचे संस्थान १८४० मध्ये औरस वारस नाही म्हणून इंग्रजांनी खालसा केले. वीराचे पुतळे जरूर उभारावेत. पण त्याच्या पश्चात कारभार कोण चालवणार होते, हा प्रश्न पुतळ्यासमोरच विचारावा.